सातमाळा उतरताना

वेरूळ आज राहू द्या. सहलीच्या बसगाड्या कैलासाच्या आवारात शिरायच्या आत ते मागं टाकून कन्नडची वाट धरलेली बरी. श्रावणातली सकाळ आहे. पाऊस नाही, पण हवेत इतका ओलावा की काच पुसत राहावी लागते. हतनूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका पुरुषभर उंच झालाय. छत्रपती संभाजीनगरपासून कन्नड साठेक किलोमीटर. तिथं आल्याचा चहा घ्या, गाडीची टाकी भरा, आणि घरून काही आणलं नसेल तर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. पुढं दिवसभर जंगल आहे.

कन्नडकडून येताना सातमाळा डोंगरासारखा फारसा वाटतच नाही. जमीन हळूहळू चढत जाते, शेतं विरळ होतात, झाडं दाटतात आणि मग एकाएकी पुढची जमीनच संपते. आपण डोंगरावर आहोत हे कळतं ते खाली पाहिल्यावर. अलीकडं मराठवाडा, तिकडं खोल खाली खानदेश. आज तुम्हाला हा डोंगर उतरायचाय. वाटेत काही ठिकाणी पायाखालचं शतकही बदलेल. घाबरू नका, वाट तीच आहे.

आधी पितळखोरं. कालीमठाच्या बाजूनं गाडी पठाराच्या कडेपर्यंत जाते. इंजिन बंद केलं की पहिल्यांदा पाण्याचा आवाज येतो, मग पाखरांचा. लेणी वरून दिसत नाहीत, त्यासाठी शेकडो पायऱ्या उतरून ओढ्यापर्यंत जावं लागतं. या दिवसांत पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून कठड्याला धरून उतरा. कठडा लोखंडाचा आहे, ओला, त्याच्या गंजाचा वास तळव्याला लागतो.

अर्ध्या वाटेवर तो हाताला लागेनासा होतो.

तुम्ही चाचपता. बोटांखाली नुसता कातळ, ताजा तासलेला, छिन्नीच्या रेघा अजून धारदार. खालून ठाकठूक ऐकू येते, एकाच वेळी वीस-पंचवीस जागी. इसवी सनाच्या आधीचं दुसरं शतक आहे, आणि या दरीत भिक्षूंसाठी विहार आणि चैत्य कोरायचं काम जोरात चाललंय. दगडाच्या भुकटीनं ओढ्याचं पाणी दुधासारखं झालंय. विहाराच्या जोत्यावर नऊ हत्ती रांगेनं उभे राहताहेत, काहींच्या सोंडा अजून दगडात अडकलेल्या आहेत. वर जायचा जिना कातळातच कोरलाय. त्याच्या दाराशी भाला-ढाल घेतलेले दोन द्वारपाल. त्यांच्या अंगातला अंगरखा इकडचा नाही, दूर वायव्येकडच्या लोकांचा आहे.

जिन्याशेजारी पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्याजवळ थांबा. एक पोरगा मागच्या अंगाला घागर रिकामी करतो. तिथं कातळात पाण्यासाठी जागा कोरलीय आणि तिथून प्रत्येक फण्याच्या तोंडापर्यंत बारीक भोक पाडलंय. क्षणभर काहीच होत नाही. मग पाचही तोंडांतून पाण्याच्या धारा फुटतात आणि वर चढणाऱ्या माणसाच्या पायांवर पडतात. पोरगा खुदकन हसतो. हे त्यानं आज शंभरदा तरी केलं असेल, तरी हसतो.

अंगणाच्या कोपऱ्यात एक जण उकिडवा बसलाय. त्याच्या हातातली छिन्नी बाकीच्यांच्या छिन्न्यांपेक्षा लहान आहे, दगडासाठी फारच नाजूक. समोर एक ठेंगणा, ढेरपोट्या यक्ष, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र पेलून धरलेला, गाल फुगवून हसणारा. माणूस त्याच्या गळ्यातल्या माळेचा एकेक मणी घडवतोय, मध्येच फुंकर मारून भुकटी उडवतोय. दागिना कुठं वळतो, त्याचा भार कातडीवर कसा पडतो, हे या हाताला सोन्यानं शिकवलंय. हा कण्हदास. धंद्यानं हिरण्यकार, म्हणजे सोनार. काम झाल्यावर तो यक्षाच्या तळहाताच्या मागच्या बाजूला, सहजी कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपलं नाव आणि आपला धंदा कोरतो. राजाचं नाव नाही, देवाचंही नाही.

चैत्याच्या खांबांपाशी दाते उभे आहेत. हा खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचा. तो जवळून गेला की चंदनाचा वास मागं रेंगाळतो. विहारातली दानं राजवैद्य मागिलाच्या घरची, त्यात त्याच्या लेकीचं, दत्ताचंही नाव आहे. पैठणहून माल घेऊन निघालेले तांडे सातमाळ्याच्या याच खिंडींतून खाली उतरतात आणि पुढं उज्जैन, भडोचच्या वाटेला लागतात. ज्या डोंगरात रात्र काढायची, तिथं डोक्यावर छप्पर असावं म्हणून गंधी पैसे देतो, वैद्य पैसे देतो. मला या लेण्यांत सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. रोज उठून कामाला जाणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून हा कातळ पोखरलाय.

परत कठडा हाताला लागतो. गार.

आता समोर जे आहे ते अर्धं कोसळलेलं आहे. इथला खडक ठिसूळ, दर्शनी भाग केव्हाच ढासळला, हत्तींचे चेहरे झिजले. चैत्याच्या खांबांवर पुढच्या काळात रंगवलेल्या बुद्धमूर्ती मात्र अजून धूसर दिसतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मोबाइलची बॅटरी लावू नका. कण्हदासाचा यक्ष इथं नाही. १९५०च्या दशकात या अंगणातला राडारोडा उपसताना तो सापडला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. तिथं तो सुखरूप आहे, हे खरंच बरं झालं. पण या रिकाम्या कोपऱ्यात उभं राहिलं की गळ्याशी काहीतरी येतं. ज्या ओढ्याच्या काठी तो डोक्यावर पात्र धरून हसत उभा होता, त्याचं पाणी अजून वाहतंय.

पायऱ्या चढताना दम लागेल. वर आलात की चटणी-भाकरी काढा. वानरं जवळ येऊन बसतील, हात पुढं करतील. त्यांना काही देऊ नका. आपण दिलेल्या एका बिस्किटापायी ती जंगल सोडून रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. मी रस्त्याच्या कडेला पोटाशी पिल्लू धरून बसलेली एक मादी पाहिलीय, पिल्लू हलत नव्हतं. त्या दिवसापासून या रस्त्यावर माझ्या गाडीची काच कधी खाली गेली नाही.

हे गौताळ्याचं जंगल १९८६ साली अभयारण्य झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटर, बहुतेक घाटमाथ्यावर, थोडं खाली जळगाव जिल्ह्यात. पानगळीचं जंगल आहे. मार्च-एप्रिलात याल तर उभ्या काड्या दिसतील आणि मन खट्टू होईल. श्रावणात मात्र सागाची पानं ताटाएवढी झालेली असतात, सालईच्या फांद्यांवर पाणी चमकतं, आणि उतारांवर सीताफळीची झाडं हिरव्या, अजून कच्च्या फळांनी लगडलेली. कुंपणाच्या कडेनं कळलावी फुललीय, पिवळी-लाल, वर वळलेल्या पाकळ्यांची. ती तोडायची नसते, घरात आणली तर भांडणं होतात म्हणतात. तिचा कंद विषारी आहे, एवढं तर खरंच.

वीसच्या वर गाडी नेऊ नका. बिबळ्या दिसेल अशी आशा धरू नका, तो तुम्हाला बघेल तेवढं पुष्कळ. त्यापेक्षा ओल्या मातीकडं बघा. रोह्याच्या खुरांची खोल दुभंगलेली खूण, रानडुकरांनी उकरलेली कड, आणि कुठंतरी झाडीत भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, एकदा, थांबून पुन्हा एकदा. ते उगीच भुंकत नाही. काच वर, इंजिन बंद, पाच मिनिटं. काही दिसणार नाही कदाचित. पण त्या पाच मिनिटांत कान जसे उघडतात तसे गावात वर्षभर उघडत नाहीत.

वळणावर मोर आडवा येतो. रस्ता त्याचाच असल्यासारखा मधोमध उभा राहतो, मान तिरपी करून गवतात काहीतरी न्याहाळतो आणि झेप घेतो. साप असावा. लक्षात ठेवा हा मोर. संध्याकाळी पुन्हा भेटेल.

२०२१च्या मार्चमध्ये या जंगलातल्या एका कॅमेऱ्यात वाघ आला. टिपेश्वरात जन्मलेला नर, यवतमाळ जिल्ह्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत. शेतं, कालवे, रेल्वेचे रूळ, रात्रीचे हायवे ओलांडून. इथं वाघ नाहीसा होऊन कित्येक दशकं उलटली होती. जुन्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींतच तो उरला होता. त्याला कुणी वाट दाखवली नाही, तरी तो बरोबर इथं पोचला. ही बातमी वाचली त्या दिवशी मी नकाशा उघडून बसलो होतो, आणि त्याच्या वाटेवरचं एकेक गाव बोटानं मोजत होतो.

मग घाट. त्याला औट्रम घाट म्हणतात आणि अभयारण्याच्या सरकारी नावातही हा औट्रम येऊन बसलाय. जेम्स औट्रम हा कंपनीचा तरुण अधिकारी. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडं गेला. सातमाळ्यातले भिल्ल नाईक त्यांना जुमानेनात, तेव्हा १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभारायला त्याला पाठवलं. पहिल्या वळणावर गाडी कडेला घ्या आणि डोळे बारीक करा. डांबर विरतं. खालून घंटांचा आवाज चढत येतो, लमाणांच्या बैलांचा तांडा, पाठीवर गोण्या, पुढच्या बैलाच्या शिंगांना कवड्यांची माळ. वर कड्यावर धनुष्य घेतलेला एक माणूस उभा आहे, तांडा मोजतोय. वाट राखायचा आणि तिचा हक्क घ्यायचा अधिकार त्याच्या बापजाद्यांपासून त्याच्याकडं आहे. औट्रमला ही वाट त्यानं दाखवली, औट्रमनं त्याला नाही. नाव मात्र औट्रमचं राहिलं.

मागच्या गाडीचा हॉर्न वाजतो आणि डांबर परत येतं. घाट उतरा, पण जपून. पावसाळ्यात इथं दरड येते. २०२१च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसानं हा घाट जागोजागी खचला आणि खाली चाळीसगावात पाणी शिरलं.

पायथ्याला पोचलात की भाषा बदलते. वर मघाशी चहावाला मराठवाडी हेल काढून बोलत होता. इथं कणीस भाजणारा शेगडीला वारा घालत विचारतो, "कथा चालना भाऊ?" अहिराणी कानाला लागली की खानदेश लागला. सांगा, पाटणादेवीला. कणसाला लिंबू-मीठ जास्त लावून घ्या.

पाटणादेवी चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी कडे. डोंगरी नदी इथूनच खाली चाळीसगावकडं जाते. दर्शनाला येणारी माणसं चंडिकेच्या देवळात जातात, नवस फेडतात, झाडाखाली जेवतात आणि परततात. तुम्ही आधी महादेवाच्या देवळाकडं जा. डोंगराच्या ओंजळीत एकटं उभं असलेलं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ, भिंतींच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर कोरीवकाम. इथला शिलालेख शके १०७५चा, म्हणजे इ. स. ११५३चा. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांच्या इंद्रराजानं हे देऊळ बांधायला घेतलं आणि पुरं व्हायच्या आत तो गेला. मुलगा गोवन लहान होता. तेव्हा राणी श्रीदेवीनं राज्य सांभाळलं, आणि देऊळही अर्धवट राहिलं नाही.

दुपार कलते. ढग सरकतात. दगडावर हात ठेवा, अजून ऊन धरून आहे.

हात उचलता तेव्हा रान नाही, पाटण आहे. नांदतं शहर. बाजारपेठ, घाण्यांचा करकर आवाज, ओल्या पेंडीचा वास, शिंप्यांची दुकानं, गुरं परतताहेत. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा. आपल्या हिशोबानं १२०७चा ऑगस्ट. एका ओसरीवर पोरं बसलीत, पुढ्यात धूळपाट्या. त्यांतला एक तुम्हाला जागा करून देतो. शिकवणारा विचारतो आणि तुम्हाला निम्मं कळतं: नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडं येतोय. मोर तिरका झेपावतो. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

तुम्ही सकाळच्या वळणावरचा मोर आठवता. शेजारचं पोरगं बोटानं धुळीत त्रिकोण काढतं, पुटपुटतं, पुसतं, आणि उत्तर लिहितं. बारा. पडताळून बघा, मोर पंधरा हात उडतो, साप पंधरा हात सरपटतो. गणित भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं आहे. त्यांचा जन्म शके १०३६चा, 'सिद्धान्तशिरोमणी' त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यांचं विज्जडविड गाव नेमकं कुठलं यावर पंडितांचं एकमत नाही. इथली माणसं मात्र ते हेच म्हणतात. पण ज्याच्याबद्दल वाद नाही अशी गोष्ट आज रात्री घडायची आहे.

ओसरीवरून उठून आलेला माणूस म्हणजे चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. घराण्यात पिढ्यान् पिढ्या विद्या. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढलाय. आज ग्रहण आहे. पितळी घटिकापात्र पाण्यावर तरंगतंय, बुडालं की एक घटका, की पुन्हा रिकामं करून ठेवायचं. पोरं आकाशाकडं बघत नाहीत, पात्राकडं बघतात. त्यांना गणितानं आधीच सांगितलंय.

चंद्राची एक कड मळते. गर्दीत आवाज उठतो, शंख, थाळ्या. पोरांच्या अंगावर काटा येतो, तुमच्याही. सोईदेव निकुंभ पुढं येतो, सगळ्या लोकांसमोर हातावर पाणी सोडतो आणि मठाला दान देतो.

आणि इथं मला तुम्हाला हाताला धरून त्या शिळेजवळ न्यायचंय, जिच्यावर हे सगळं कोरलं गेलं. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तिच्यामुळंच भास्कराचार्यांचं कूळ जगापुढं मांडलं. शिळेवर सुरुवातीला संस्कृत आहे. भास्कराची स्तुती, घराण्याची वंशावळ, निकुंभांचा पराक्रम, सगळं डौलदार छंदांत. मग दानाचा तपशील येतो, आणि कोरणारा भाषा बदलतो. तो मराठी लिहू लागतो. 'ज्ञानेश्वरी' लिहिली जायला अजून त्र्याऐंशी वर्षं आहेत, आणि इथं दगडावर माप, घाणा, ग्राहक, पोफळ, पळी हे शब्द आहेत. या पाटणात जो माल विकला जाईल त्यावरचं गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला मिळणारं उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागं एकेक पळी तेल. इथं जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं.

पराक्रम संस्कृतात चालतो. पळीभर तेल द्यायचं ते मात्र तेल्याला कळलं पाहिजे. म्हणून तेल्याची भाषा दगडावर आली. गणिताच्या मठात रात्री जो दिवा जळेल, ज्याच्या उजेडात एखादं पोरगं ग्रहणाचा हिशोब करील, तो या तेलावर. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती परत परत वाचली. आठशे वर्षांत पळी या शब्दाचा फारसा टवकाही उडालेला नाही.

रांगेत पहिला तेली पुढं होतो. त्याच्या कपाळावर घाम, नखं तेलानं काळी. तो बुधल्यात पळी बुडवतो आणि काठोकाठ भरून वर काढतो.

"साहेब, गेट बंद व्हायची येळ झाली." खाकी कपड्यातला चौकीदार शिट्टी हातात घेऊन उभा आहे. शहर नाही. मठाच्या जागेवर गवत, पलीकडं महादेवाचं देऊळ, कड्यावरून पाण्याच्या दोन पांढऱ्या रेघा. कुठंतरी मोर ओरडतो. डोंगरीचं पाणी दुपारपेक्षा वाढलंय, वर घाटमाथ्यावर पाऊस झाला असणार. आता निघायला हवं, चाळीसगावपर्यंत उजेडात पोचलेलं चांगलं.

चंडिकेच्या देवळाच्या वाटेवर एक म्हातारी आपलं दुकान आवरतेय. नारळ पोत्यात गेलेत, हळदी-कुंकवाच्या पुड्या डब्यात. एक पणती आणि तेलाचा डबा तेवढा बाहेर आहे. तुम्हाला बघून ती थांबते.

"तेल लावस का देवीले?"

तुम्ही हो म्हणता. ती डब्यात पळी बुडवते, भरून वर काढते, पणतीत ओतते. पळी रिकामी झाल्यावरही ती तशीच तिरकी धरून ठेवते. तळाशी जमलेला एक थेंब हळूहळू काठापर्यंत येतो, तिथं अडतो. ती वाट पाहते. तो पडतो, तेव्हाच ती पळी डब्यात परत ठेवते.